तिसावा फॉर्म

ताई, तू गेलीस, पण तुझा फोन गेला नाही. भावोजींनी तो तुझ्याबरोबर काम करणाऱ्या फरहत मॅडमच्या स्वाधीन केला, कारण कामाचे सगळे नंबर त्यातच. त्यामुळे आता मॅडमनी मला फोन लावला की माझ्या मोबाइलवर 'ताई' असं नाव उमटतं आणि त्याच्या मागे तुझा तो मोठ्या तलावावरचा फोटो. हातात भुट्टा, आणि दाढेत अडकलेला दाणा काढायच्या तयारीत तू. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी जेवत होतो. फोन हातून निसटून आमटीत पडला. माधवी म्हणाली, "अहो, उचला ना!" मी म्हणालो, "कसा उचलू? ती आहे." बावन्न वर्षांचा माणूस, इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, आणि आमटीत वाजणाऱ्या फोनकडे नुसता बघत बसला होता. तू असतीस तर हा प्रसंग पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात सांगितला असतास.

भुताची भीती असती तर देवाचं नाव घेऊन भागलं असतं. माझी भीती वेगळी होती. तुला आता सगळं कळलं असेल, याची.

फोन पुसून मी उचलला. मॅडम म्हणाल्या, "नंदू भैया, दीदी की रिपोर्ट अगले गुरुवार को तकनीकी शिक्षा बोर्ड में जमा करनी है. आपके कॉलेज वाला अध्याय सबसे मज़बूत है. बोर्ड वाले कह रहे हैं, बाकी कॉलेजों में भी यही ढाँचा लागू कर देंगे." मी म्हणालो, "वा, वा." दोनदा म्हणालो. मग फोन ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. मी घाबरलो की कपाटं आवरतो हे तुला ठाऊक आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी आईच्या साड्या रंगांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. तू गेल्यापासून आमच्या घरातली सगळी कपाटं तीन-तीनदा आवरून झाली आहेत, आणि त्यातच मला ते चार पेन सापडले.

थांब. ते क्रमानं सांगतो. तुला क्रम लागायचा.

इथल्या मराठी मंडळाच्या जोशीकाकांनी अंकासाठी एक पान मागितलंय, 'ताईंच्या कार्यावर काहीतरी गोड'. गोड लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो, कारण तुझं कार्य मी कायम थट्टेवारीच नेलं. पोरं कॉलेजात काय शिकतात आणि कामावर गेल्यावर त्यांना काय लागतं, हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघायचं, एवढंच तुझं म्हणणं. त्यासाठी तीन वर्षं तू वही घेऊन कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहिलीस. लोकांना वाटायचं तू विम्याची एजंट आहेस. मी एकदा 'शिक्षण आणि नोकरी यांच्यातली दरी' म्हणालो तर केवढी तडकलीस! "दरी म्हणू नकोस. दरी निसर्ग करतो. हे आपण केलंय, टेबलावर बसून, सह्या करून."

तुझा मुख्य प्रश्न एकच होता, फॉर्मवर सातव्या नंबरचा. 'नोकरीच्या पहिल्या महिन्यात असं काय शिकावं लागलं, जे कॉलेजात शिकायला हवं होतं?' हा प्रश्न खरं तर बाबांचा. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये जेवताना ते रोज नव्या इंजिनिअर साहेबांच्या गोष्टी सांगायचे. "आज नव्या साहेबानं व्हर्नियर उलटा धरला. मी म्हटलं, साहेब, द्या इकडे, पुसून देतो, आणि सुलटा करून दिला." आम्ही हसायचो. तू हसायची नाहीस. तू विचारायचीस, "पण बाबा, त्यांना कॉलेजात कोणी धरायला दिला नव्हता का?" बाबा म्हणायचे, "दिला असेल गं. काचेच्या कपाटातून." तू दहा-अकरा वर्षांची असशील. मी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं ते उपकरण, काहीतरी खायचं असावं असं समजून पोळी संपवत होतो. पुढे त्या काचेच्या कपाटाचा मालक मीच होणार होतो.

आमच्या कॉलेजातल्या मशीनबद्दल तुला अर्धवटच माहिती होती. रायसेन रोडवरच्या आमच्या त्या इमारतीत, वर्कशॉपच्या कोपऱ्यात, लोखंड फिरवून कापणारं, संगणकावर चालणारं एक लेथ आहे. नऊ वर्षांपूर्वी आलं. तो विषय मला मिळाला, कारण बाकी सगळ्यांनी आधीच दुसरे विषय पकडले होते. मी पुस्तक वाचून शिकवायला लागलो. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर असतं. तपासणी समिती यायची असली की ते निघतं, आणि दसऱ्याला निघतं. दसऱ्याला मी त्याला हळद-कुंकू लावतो, हार घालतो, नारळ फोडतो. चालू केलेलं नाही. एकदाही नाही, ताई. पहिल्या वर्षी येत नव्हतं म्हणून नाही केलं. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी येत नव्हतं हे कळेल म्हणून नाही केलं. तिसऱ्या वर्षी मी त्या विषयाचा अनुभवी प्राध्यापक झालो, मग तर विचारायची सोयच उरली नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तू मला तीस फॉर्म दिलेस. आमच्या कॉलेजातून पास होऊन कामाला लागलेल्या तीस जणांकडून भरून आणायचे. "एकेकाला फोन कर, भेट, नुसतं व्हॉट्सॲपवर टाकू नकोस," असं बजावून, वर चकल्यांचा डबा दिलास. लाचच ती.

त्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी समिती येणार होती. तपासणी म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. स्टाफरूममध्ये लांब टेबल, त्यावर फायलींचे ढीग, आणि आम्ही सगळे प्राध्यापक डोकी खाली घालून 'विद्यार्थ्यांचा अभिप्राय', 'पालकांचा अभिप्राय', 'उद्योजकांचा अभिप्राय' लिहितोय. हे सगळे अभिप्राय आम्हीच लिहितो. वर्षानुवर्षं. ह्यात आपण काही गैर करतोय असं कुणाला वाटतही नाही, परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिकांना दोरे बांधावेत तसं ते एक काम. आणि ह्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. चार पेन वापरायचे. अधूनमधून डाव्या हातानं लिहायचं. कुठे शुद्धलेखनाची चूक, कुठे चहाचा डाग. आणि शंभर टक्के समाधानी कधीच दाखवायचे नाहीत, एखादा तरी नाराज हवा, म्हणजे खरं वाटतं.

तुझे तीस फॉर्म त्याच टेबलावर, त्याच ढिगात होते. मी हात थांबवला नाही. दोन तासांत संपवले. चकल्याही संपल्या.

एकोणतीस जण समाधानी होते. खऱ्या मुलांची खरी नावं, नंबर, सगळं रजिस्टरमधून उतरवलं. 'पहिल्या महिन्यात काही वेगळं शिकावं लागलं नाही, सगळा अभ्यास उपयोगी पडला.' मग तिसावा, नाराज माणूस. त्याच्यासाठी मी 'नाव गुप्त ठेवावे' वर खूण केली आणि काहीतरी खरं वाटेल असं लिहायला गेलो. तुला सांगतो, पेन आपोआप चालला. डावा हात असूनही अक्षर सुबक आलं. 'हे मशीन शिकवणाऱ्या सरांनी स्वतः ते कधी चालवलेलं नव्हतं. वर्गात सगळे एकमेकांना फसवत बसायचो. मला रोज भीती वाटायची.' लिहून झाल्यावर मी ते वाचलं नाही. ढिगात खाली सरकवलं.

आणि तुला नेमका तोच आवडला.

त्या रविवारी कोलार रोडच्या तुझ्या गॅलरीत आपण पोहे-जलेबी खात होतो, आठवतं? भावोजी गुलाबांना पाणी घालत होते. तू चष्मा वर सरकवून तो फॉर्म मला मोठ्यानं वाचून दाखवलास. माझंच लिहिलेलं मला! 'मला रोज भीती वाटायची' इथे तू कागद खाली ठेवलास. म्हणालीस, "नंदू, हा मुलगा कोण रे?"

"नाव गुप्त आहे ना," मी जलेबीकडे बघत म्हणालो.

"तुला माहीत असणार. तूच आणलास फॉर्म."

"इंदूरला असतो बहुतेक."

"त्याला भेटायचंय मला. तीन वर्षांत इतकं खरं कोणी लिहिलं नाही."

"बघतो."

"बघतो नको. आण."

मग दर आठवड्याला तोच तगादा. मी त्या मुलाला इंदूरहून पुण्याला पाठवला, पुण्यात त्याला कावीळ केली, मग त्याच्या बहिणीचं लग्न काढलं. त्या लग्नासाठी तू आहेराचं पाकीट द्यायला निघालीस तेव्हा मी ते लग्न मोडलं. तू हळहळलीस. पुढच्या रविवारी विचारलंस, "त्या पोरीचं काय झालं रे पुढे?" ताई, नसलेल्या मुलाच्या नसलेल्या बहिणीसाठी तुझा जीव तुटत होता, आणि मी समोर बसून जलेबीचा पाक चाटत होतो.

बाकीच्या एकोणतीसांबद्दल मात्र तुला शंका आली होती. "तुमच्या कॉलेजची उत्तरं इतकी चांगली कशी काय?" मी म्हणालो, "माझ्यामुळे." तू हसलीस. नंतर हसू थांबवून म्हणालीस, "असेलही. तू शिकवलेलं पोरांना लागत असेल, तर बाबांना किती बरं वाटलं असतं." तिथेच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात भावोजी म्हणाले, "नंदू, जरा तो पाइप बंद कर." आयुष्यात कधी कुणाचं काही ऐकलं नसेल इतक्या आज्ञाधारकपणे मी पाइप बंद करायला उठलो.

मग तुझे ते तीन दिवस हॉस्पिटलमधले. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आत सोडलं मला. तोंडावरचा मास्क बाजूला करून तू म्हणालीस, "बाकी फरहत बघेल सगळं. तो मुलगा तेवढा राहिला." मी म्हणालो, "आणतो." तू म्हणालीस, "घाबरवू नकोस त्याला." नर्सनं मला बाहेर काढलं. हे आपलं शेवटचं बोलणं. यात गोड काय लिहू, जोशीकाका?

तेराव्याला तुझ्या घरी माणसं मावत नव्हती. फाटकांवरचे किती लोक आले होते! वर्कशॉपमधले फोरमन, गेटवरचे शिपाई, एक सरदारजी सुपरवायझर तर भावोजींना मिठी मारून रडले. त्या गर्दीत एक पंचविशीतली मुलगी माझ्या पाया पडली. "सर, पहचाना? ज्योती. आपका सब्जेक्ट था, पूरे में पूरे नंबर." ओळखलं. कधीच काही न चुकणारी, पहिल्या बाकावरची ज्योती. डाव्या भुवईवर एक व्रण होता, तो पूर्वी नव्हता. ती आता आनंद नगरच्या पुढे एका छोट्या कारखान्यात काम करते. मी म्हणालो, "तू ताईंना कशी ओळखतेस?"

"दीदी का फोन आया था ना, सर. मेरा फॉर्म चेक करने के लिए."

तू एकोणतीसांतल्या काही जणांना फोन करून पडताळणी केली होतीस. मला सांगितलं नव्हतंस, कारण सांगण्यासारखं त्यात तुला काही वाटलं नसणार. मी विचारलं, "मग? काय म्हणालीस?"

"उन्होंने पढ़के सुनाया कि मैंने ऐसा-ऐसा लिखा है. मैंने तो कोई फॉर्म भरा नहीं था. फिर मैं समझ गई कि सर ने भर दिया होगा." आवाज खाली आणून ती अगदी मायेनं म्हणाली, "मैंने कह दिया, हाँ जी, सब काम आ रहा है. मेरे साथ वालों ने भी यही कहा. आपकी बात कैसे काटती, सर?"

ती मला धीर देत होती, ताई. गुरूची लाज राखल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. तू शंका घेतलीस, तू रीतसर पडताळलंस, तुझी पद्धत चुकली नव्हती. माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी तुला खोटं सांगितलं आणि तू ते खरं मानून अध्याय लिहिलास. म्हणजे तुला कधीच काही कळलं नाही. इतके दिवस मला भीती होती की तुला कळलं असेल. तुला कळलंच नाही, ही भीती त्याच्याहून मोठी निघाली.

घरी येऊन मी औषधांचं कपाट आवरलं. माधवीनं दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "कपाटं संपली आता. उरलेलं आवरा." तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. बायकांना कसं कळतं देव जाणे.

गणित सरळ होतं. मी गप्प बसलो तर गुरुवारी तुझा रिपोर्ट जाणार, आमचं कॉलेज आदर्श ठरणार, आणि बाकीच्या कॉलेजांतही तेच लागू होणार. प्लास्टिकच्या कव्हराखालची मशीन आणि माझ्यासारखे मास्तर. बोललो तर माझी नोकरी जाईल, ते एक. पण लोक म्हणतील, बाईंच्या संशोधनात त्यांच्या भावानंच खोटी पानं घातली, मग बाकीच्या फाटकांवरचं तरी खरं कशावरून? तुझी तीन वर्षं उन्हातान्हात उभी राहिलेली, ती एका दुपारच्या माझ्या आळसानं बुडतील. दोन्हीकडून बुडवणारा मीच.

मंगळवारी मी तुझा एक कोरा फॉर्म घेतला आणि ज्योतीच्या कारखान्यात गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. कदाचित वाटलं असेल की तिला विचारलं तर ती खरंच म्हणेल, सर, सगळं उपयोगी पडलं, आणि एक तरी फॉर्म खरा निघेल. भित्रा माणूस असे हिशेब करत असतो.

पत्र्याची शेड, आत तसंच मशीन. तसंच म्हणजे आमच्यासारखंच, फक्त चालू. मी त्याच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. नऊ वर्षं शिकवलेल्या यंत्राचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. ज्योतीनं चहा मागवला. मी फॉर्म काढून तुझा सातवा प्रश्न वाचला. ती हसली. "सर, आप ही भर दीजिए ना."

"नाही. तू सांग."

मग तिनं भुवईला हात लावला.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं तिला मशीनसमोर उभं केलं आणि सांगितलं, चालू कर. तिला चालू करता येईना. समोर एक लाल बटण होतं, मशीन एकदम थांबवण्याचं. ते दाबलेलं असलं की आधी फिरवून मोकळं करावं लागतं, नाहीतर मशीन हलतच नाही. एवढी साधी गोष्ट. पूरे में पूरे नंबर मिळवलेली मुलगी दहा मिनिटं त्या मशीनसमोर उभी, आणि मागे सगळे ऑपरेटर बघत होते. शेवटी दहावी पास एका उस्ताद ऑपरेटरनं बटण फिरवून दिलं आणि तो बाजूला गेला.

"तब बोल देना था कि आगे नहीं आता," ज्योती म्हणाली. "पर सर, आप कहते थे ना, खाली मत छोड़ो. कुछ न कुछ लिख दो."

म्हणायचो. दर परीक्षेआधी म्हणायचो. कोरं सोडू नका, काहीतरी लिहा, मार्क मिळतात.

तिनं कोरं सोडलं नाही. काहीतरी बटण दाबलं. हत्यार सरकत जाऊन फिरत्या लोखंडावर आदळलं आणि त्याचं टोक तुटून उडालं. मशीनचं दार उघडंच होतं. "आधा इंच नीचे होता तो आँख थी," ती म्हणाली, बसचा थांबा कुठे आहे ते सांगावं तशी. मी हातातला कप खाली ठेवला.

"दीदींना हे का नाही सांगितलंस?"

"आपका नाम आता, सर."

मग तिनं फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि सातव्या प्रश्नापुढे स्वतः लिहिलं. एकच ओळ. 'पहले महीने में मैंने यह बोलना सीखा कि मुझे नहीं आता.' खाली सही केली, तारीख घातली. निघताना ती म्हणाली, "सर, चलाके देखेंगे?" मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मैं हूँ ना." मग तिच्या देखरेखीखाली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी ते लाल बटण फिरवलं. टक् असा आवाज झाला. बस, एवढंच. एवढ्यासाठी नऊ वर्षं.

गुरुवारी सकाळी फरहत मॅडमच्या ऑफिसात गेलो. तुझी खुर्ची तशीच होती, पाठीवर तुझी शाल. मी चार पेन टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. मध्ये पाणी मागितलं, तर मॅडमनी पाण्याच्या भांड्याकडे नुसतं बोट दाखवलं. सांगून झाल्यावर मला तुझ्या खोलीतली कपाटं दिसायला लागली.

"दीदी हर मीटिंग में कहती थीं, मेरा भाई पढ़ाता है वहाँ," त्या म्हणाल्या. "हर मीटिंग में, नंदू भैया."

मी टेबलावरचे चार पेन एका रेषेत लावले.

"आपके कॉलेज वाला पाँचवाँ अध्याय गया. बोर्ड से मोहलत माँगनी पड़ेगी, और वजह लिखकर देनी पड़ेगी. आपके नाम के साथ."

"लिहा," मी म्हणालो. म्हणजे लिखिए म्हणालो. त्यांनी गठ्ठा काढला आणि एकेक फॉर्म बाजूला टाकायला लागल्या. रागानं टाकत होत्या. तिसाव्याशी हात थांबला. "ये भी?"

"तो खरा आहे," मी मराठीतच बोललो, आणि मॅडमना ते कळलं. "फक्त विद्यार्थ्याचा नाही." मी त्यांचा पेन मागितला, माझ्या चारांतला नाही. फॉर्मच्या वर तीन चौकोन असतात, विद्यार्थी, शिक्षक, कारखानदार. मी पहिला खोडला आणि दुसऱ्यावर खूण केली. 'नाव गुप्त ठेवावे' हे खोडलं आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट. उजव्या हातानं. अक्षर डाव्याहून वाईट आलं.

मॅडमनी ते वाचलं. मग तुझ्या टेबलाचा खण उघडून एक कागद काढला. "दीदी ने इस लड़के के लिए सवाल लिख रखे थे. जब मिलेगा तब पूछने के लिए. मराठी में हैं, मुझसे पूरे पढ़े नहीं गए. अब आप ही पढ़ दीजिए."

तुझं अक्षर. खास स्वतःसाठी लिहिलेल्या गोष्टी तू नेहमी मराठीतच लिहायचीस. वर लिहिलं होतं, 'नंदूच्या मुलासाठी'. खाली अकरा प्रश्न, आणि एका कडेला टीप: 'आधी खायला दे. मग विचार.'

मॅडमची माफी हवी होती मला, ती मिळालेली नाही. कॉलेजची नोटीस येईल तेव्हा येईल. सोमवारी वर्गावर जायचंय, साठ मुलं असतील, आणि मी कव्हर काढून त्यांना सांगणार आहे की मला ह्यातलं एक बटण येतं. ज्योती शनिवारी शिकवायला येते म्हणालीय. ती मला शिकवणार, मग मी त्यांना. या सगळ्याची मला अजून भीती वाटते, ताई. ती जाईल असं काही दिसत नाही.

तुझा कागद मी घरी आणलाय. जोशीकाकांच्या अंकासाठी जे पान लिहायचं होतं ते हे असं झालं, छापतील तर छापोत. आज रविवार. माधवीनं पोहे केलेत, खाली कोपऱ्यावरून जलेबी आणलीय. आधी खाल्लं, तू सांगितलंस तसं. आता तुझा पहिला प्रश्न समोर आहे.

'तुला रोज भीती वाटायची म्हणतोस. घरात कुणाला सांगितलं होतंस का रे?'

नाही, ताई. कुणालाच नाही. तू पहिली.